सातवी थरथर

तायाप्पा गडदे रोज सकाळी पहिलं पोतं काट्यावर चढवायच्या आधी स्वतः चढायचा. चपला काढायच्या, खांद्यावरच्या टॉवेलनं तळपाय पुसायचे, प्लॅटफॉर्मवर ताठ उभं राहायचं आणि आकडा दिसला की खणखणीत आवाजात म्हणायचं, "लाभ!" धान्य मोजताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात, हे गावोगाव ठाऊक आहे. पण तायाप्पाचा लाभ म्हणजे खुद्द तायाप्पा. पोती दोनपासून पुढे. त्यामुळे कुपवाडच्या कृष्णाकाठ हळद संघात नवीन आलेला प्रत्येक कारकून पहिल्याच आठवड्यात एका पोत्याची चोरी पकडायचा, तोंडघशी पडायचा आणि मग निमूटपणे एक वजा करायला शिकायचा.

संघात असे बारा काटे होते आणि तोलाईदारांचा मुकादम म्हणून तायाप्पा बाराही काट्यांवर उभा राहून यायचा. सगळीकडे अडुसष्ट किलो चारशेच्या आसपास भरला की मगच बाकीचे कामाला हात लावत. ही रीत त्याला अण्णा मगदुमांनी घालून दिली होती. चोवीस वर्षांपूर्वी, २०१४ साली, हे काटे अण्णांनीच बसवले आणि जाताना सांगितलं, "तायाप्पा, तुला तुझं वजन माहीत आहे. मशिनला ते रोज विचारत जा. चुकलं तर मला कळव." चोवीस वर्षांत तायाप्पानं अकरा वेळा कळवलं आणि अकराही वेळा काटाच चुकलेला निघाला. त्याचं वजन मात्र हललं नाही. बायकोचं म्हणणं, तिच्या स्वयंपाकाला या माणसानं अंगाला कधी लागूच दिलं नाही.

अण्णा आता नव्हते. सांगलीतलं त्यांचं काटेदुरुस्तीचं दुकान त्यांची मुलगी सुनेत्रा चालवत होती. वय चाळीसच्या आत-बाहेर, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, दुरुस्तीचा परवाना स्वतःच्या नावावर. भाजीवाल्यापुढे उभी राहिली तरी आधी त्याच्या काट्याचा एक कोपरा बोटानं दाबून बघणार. भाजीवाले तिला भाजी चांगली देत, पण दुरूनच.

संघाच्या बाराही काट्यांचे कंट्रोलर म्हातारे झाले होते. व्यवस्थापक कीर्तिकुमार उपाध्ये यांनी सुनेत्राला बोलावलं आणि समोर तीन डबे ठेवले. "मगदूमताई, तीन कंपन्यांचे तीन नमुने आहेत. चार-चार काट्यांवर लावा, दोन महिने चालवा आणि कुठला घ्यायचा ते मला लेखी द्या. तुम्ही म्हणाल तो."

कंट्रोलर निवडणं म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं. काट्याच्या पत्र्याखाली चार कोपऱ्यांत पोलादाचे चार ठोकळे असतात, त्यांना लोडसेल म्हणतात. वर वजन आलं की ते वाकतात. डोळ्यांना दिसणार नाही इतके थोडे. पण त्यांच्या अंगाला चिकटवलेली बारीक तारेची नक्षी त्याबरोबर ताणली जाते, तिच्यातली वीज किंचित बदलते, आणि तो बदल मोजून त्याचे किलो-ग्रॅम करणारा डबा म्हणजे कंट्रोलर. गोची अशी, की काट्यावर नुसतं पोतं कधीच नसतं. चक्कीची घरघर असते, पंख्याचा वारा असतो, बाहेरून ट्रक गेला तर जमीनही हलते. हे सगळं त्या तारेत उतरतं आणि आकडा नाचायला लागतो. मग कंट्रोलर शेकडो वेळा मोजतो, सरासरी काढतो आणि नाचणारं सगळं फेकून देतो. या फेकून देण्याला फिल्टर म्हणतात. फिल्टर जितका कडक तितका आकडा शांत, आणि तितकाच काटा मंद.

तीन नमुन्यांपैकी पहिला साधा होता. काम करायचा, पण हळदीची बारीक पूड त्याच्या बटणांत आठवड्याभरात जाऊन बसली. दुसरा पोलादी पेटीतला, धूळ-पाण्याला दाद न देणारा, पण आकडा स्थिर व्हायला सहा सेकंद घ्यायचा. तिसरा नव्या जातीचा होता. तो थरथर फेकून देतच नव्हता. सेकंदाला दहा हजार वेळा कान लावून ऐकायचा, ही चक्की, हा पंखा, हा पट्टा, अशी प्रत्येक थरथर ओळखून तिला क्रमांक द्यायचा आणि वजनातून नेमकी तेवढीच वजा करायचा. पोतं ठेवलं न ठेवलं तोच आकडा हजर. नऊ ते बारा नंबरच्या काट्यांवर तो लावला, आणि पंधरा दिवसांत तिथले तोलाईदार बाकीच्यांना चिडवायला लागले.

पहिल्या महिन्यात त्यानं सहा थरथरी ओळखल्या. सातवीपुढे मात्र त्यानं लिहिलं, 'अनोळखी'.

सुनेत्रा हात धुऊन तिच्या मागे लागली. सातवी थरथर फक्त सकाळी यायची आणि वीसेक सेकंदांत जायची. तिनं पंख्याचे बेअरिंग बदलून पाहिले, हवेचा कॉम्प्रेसर बंद ठेवून पाहिला, उंदरांचा संशय घेऊन पिंजराही लावला. उंदीर सापडला, थरथर तशीच. शिवाय तिचा ताल वेडावाकडा होता. यंत्राची थरथर कशी, चक्कीसारखी एकसुरी. ही दोन पावलं टाकायची, थांबायची, घाईनं तीन टाकायची. सुनेत्रानं अहवालात लिहायलाही घेतलं होतं, 'तिसऱ्या नमुन्यात दोष आहे, नाकारावा.'

तेवढ्यात तिचं लक्ष वेळांकडे गेलं. सातवी थरथर आधी नऊ नंबरवर आली होती, अर्ध्या मिनिटानं दहावर, मग अकरावर, मग बारावर. चक्की काही चालत जात नाही.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच येऊन खांबाजवळ उभी राहिली. तायाप्पानं पाय पुसले, नऊ नंबरवर चढला आणि सुनेत्राच्या हातातल्या टॅबवर सातवी थरथर उमटली. तो उतरला, ती थांबली. तो दहावर चढला, ती पुन्हा आली.

तो पुढे गेल्यावर सुनेत्रानं बूट काढले आणि स्वतः काट्यावर उभी राहिली. टॅबवर नवी रेघ आली, आठवी. ठक-ठक, ठक-ठक, सरळ आणि सारखी. हृदय प्रत्येक ठोक्याला मूठभर रक्त वर फेकतं. रक्त वर गेलं की अंग तेवढंच खाली दाबलं जातं. शे-दीडशे ग्रॅमांचा धक्का, तोही डोळ्याची पापणी लवेपर्यंतच. आजवरचे सगळे काटे तो कचरा म्हणून फेकत आले होते. हा पहिलाच होता, ज्यानं तो ऐकून ठेवला.

ती तिथेच पोत्यावर बसली. तिला अण्णा आठवले. तेही दुकानातल्या काट्यावर रोज सकाळी उभे राहत. शेवटच्या हिवाळ्यात एकदा म्हणाले होते, "सुने, शेवटचा आकडा फार वेडावाकडा हलतोय. बघ गं जरा." तिनं घाईघाईत फिल्टर तीनवरून नऊवर नेला होता. आकडा शांत झाला, अण्णाही म्हणाले, "हां, आता कसं!" पाच आठवड्यांनी खुर्चीतच त्यांचं हृदय थांबलं. सहा वर्षं ती समजत होती, की आपण तेव्हा काटा दुरुस्त केला.

दुपारच्या चहाला तिनं तायाप्पाला हळद पॉलिश करायच्या ड्रममागे गाठलं. "मामा, तुमच्या छातीत कधी धडधडतं का?"

"चक्कीपाशी हुबा असतो मी," तायाप्पा बशीतला चहा फुंकत म्हणाला. "माझं समदंच धडधडतंय."

तिनं टॅबवरच्या दोन रेघा दाखवल्या. "ही माझी. ही तुमची. मामा, ताल चुकतोय. औषधानं सुधारतं, पण वेळेत जायला हवं. मिरजेला चला, मी येते बरोबर."

तायाप्पानं बशी खाली ठेवली. त्याचा चेहरा उतरला आणि मग एकदम कडक झाला. "काटा मालाचा असतोय, पोरी. मानसाच्या काळजात डोकवायला त्याला कुनी सांगिटलं? हे सायबाच्या कानावर गेलं तर मला गेटवर बसवतील, शिट्टी दिऊन. चोवीस वर्सं ह्या हातानं तोललंय. आता येनाऱ्या-जानाऱ्या गाड्यांना सलाम मारू?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुज्यापाशी ते फिल्टर का काय असतंय न्हवं? ते लाव आनि गप ऱ्हा."

"लावलं होतं मामा, एकदा," सुनेत्रा म्हणाली, आणि अण्णांची सगळी हकिगत तिनं त्याला सांगितली. सांगताना तिला रडू फुटलं, आणि तिनं ते लपवलंही नाही.

तायाप्पानं बशी उचलून उरलेला चहा संपवला. "बुधवारी जाऊ मिरजेला," तो शेवटी म्हणाला. "पर सायबाला न्हाई सांगायचं."

"माझ्या तोंडून नाही."

तिनं शब्द पाळला. पण तिसऱ्या नमुन्याच्या सगळ्या नोंदी ऑफिसातल्या पडद्यावर जात होत्या, आणि उपाध्ये काही डोळे मिटून बसणारा माणूस नव्हता. तायाप्पा रजेवर असला की सातवी थरथरही रजेवर असते, हे त्यांच्या लक्षात आलं. वाचनाची आवड असल्यानं, ही थरथर म्हणजे हृदयाचा बिघडलेला ठोका, हेही त्यांनी शोधून काढलं. सोमवारी गोदामाच्या दारावर सूचना लागली: उद्यापासून सर्व सेहेचाळीस तोलाईदार आणि हमाल यांनी कामाआधी अनवाणी अकरा नंबरच्या काट्यावर उभं राहायचं, ज्यांचा ठोका बिघडलेला दिसेल त्यांना पोती उचलण्याच्या कामावरून काढून दुसरीकडे नेमण्यात येईल.

सुनेत्रा तडक ऑफिसात गेली. "साहेब, हे काय केलंत?"

"चांगलंच केलं," उपाध्ये म्हणाले. "मागच्या वर्षी सात नंबरच्या फळीवर पोतं चढवताना तो माळी हमाल कोसळून गेला, आठवतंय? त्याच्या घरी निरोप द्यायला मी गेलो होतो. त्याच्या बायकोनं मला आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, काय काम काढलंत म्हणून. मला परत तसं कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, ताई."

हा माणूस खोटं बोलत नव्हता, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड होतं. "पण त्यांना न विचारता?" एवढंच ती म्हणाली.

"विचारलं तर कोण उभा राहील?"

बाहेर तायाप्पा उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. "अण्णा असता तर आसं झालं नसतं," तो म्हणाला. मी सांगितलं नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली, पण तो ऐकायला थांबला नाही. बुधवारी ती मिरजेच्या स्टँडवर दोन तास बसली. तायाप्पा आला नाही.

मंगळवारपासून काट्यावर कुणीच चढलं नव्हतं. ना सेहेचाळीस जण, ना मुकादम. पोती चालू होती, शिवण चालू होती, पण चोवीस वर्षांत पहिल्यांदा गोदामात 'लाभ' ऐकू आला नाही. मोजणी आपली एकपासून सुरू व्हायची आणि कारकून सवयीनं एक वजा करून गोंधळ घालायचा. सुनेत्राला रोज वाटायचं, आज फोन येणार, आणि तो तायाप्पाबद्दल असणार.

फोन आला शुक्रवारी, पण तायाप्पाबद्दल नव्हे. गेटवरच्या मोठ्या काट्यावर दोनशे पोत्यांचा ट्रक साठ किलोनं जास्त भरला होता. म्हणजे पोत्यामागे तीनशे ग्रॅम. सगळी पोती अकरा नंबरवर भरलेली, त्याच अतिहुशार कंट्रोलरवर. पडद्यावर बघावं तर सगळं हिरवंगार, दोष शून्य.

सुनेत्रानं दोघांच्या मदतीनं प्लॅटफॉर्म उचलला. खाली हळदीची पूड दमटपणानं घट्ट होऊन विटेसारखी ढेप झाली होती. पोतं ठेवलं की थोडा भार ती ढेपच उचलायची, लोडसेलपर्यंत पोचूच द्यायची नाही. काटा रिकामा असताना सगळं ठीक. आणि ढेप काही थरथरत नव्हती, त्यामुळे दहा हजार वेळा कान लावणाऱ्यालाही तिचा पत्ता लागला नाही.

"हे मंगळवारपासून असणार," ती उपाध्यांना म्हणाली. "मंगळवारी सकाळी मामा उभे राहिले असते तर अडुसष्ट चारशेऐवजी तीन-चारशे ग्रॅमनं कमी भरले असते आणि त्यांनी मला कळवलं असतं. बारावी वेळ."

उपाध्ये ढेपेकडे बघत राहिले. बाहेर ट्रक रिकामा होत होता, पोती पुन्हा उसवली जात होती, आणि उसवणाऱ्यांत सगळ्यांत पुढे तायाप्पा होता. कपाळावरचा घाम पिवळा झालेला, आणि मध्येच थांबून तो छातीवर हात ठेवत होता. सुनेत्रानं ते पाहिलं. उपाध्यांनीही पाहिलं.

"साहेब, अहवाल आत्ताच देते," ती म्हणाली. "तिसरा घ्या. पण एका अटीवर. काट्याला एक बटण ठेवीन. कामाआधी ज्याला वाटेल त्यानं अनवाणी चढावं आणि ते दाबावं. मग ठोक्याची वजाबाकी थांबेल आणि आकडा त्याच्या ठोक्याबरोबर हलेल. ताल बिघडलेला असेल तर खाली एक ओळ येईल, एकदा डॉक्टरांना दाखवून या. ती फक्त उभा असलेल्याला दिसेल. कुठे नोंद नाही, ऑफिसकडे तार नाही. त्या तारेच्या जागेवर मी शिशाचा शिक्का मारीन, दुकानाचा. आणि त्या ओळीमुळे कुणाची जागा जाणार नाही, हे तुम्ही सही करून द्यायचं."

"आणि कुणी ओळ वाचून गप्प बसला तर?"

"बसेल एखादा. पण आत्ता सेहेचाळीसच्या सेहेचाळीस गप्प आहेत."

उपाध्यांनी खिशातून पेन काढलं, पुन्हा आत ठेवलं, आणि मग तो मनुष्य अकरा नंबरच्या काट्यापाशी जाऊन चक्क बुटांच्या नाड्या सोडायला बसला. मोजे काढले, पँट दोन घड्या वर केली आणि ते प्लॅटफॉर्मवर चढले. सुनेत्रानं तारा जोडून ठोक्याची वजाबाकी थांबवली. त्यांनी आकडा पाहिला, कुणाला दिसू नये म्हणून हातानं झाकला, आणि उतरले. काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

"सूचना काढून टाका," ते कारकुनाला म्हणाले. "आणि ताईंचं लिहून आणा, मी सही करतो."

तायाप्पा हातातली सुतळी टाकून पुढे आला. त्यानं सुनेत्राकडे पाहिलं. "त्या सायबाला तू सांगिटलं न्हवतंस?"

"नाही मामा."

"मग मी येडाच की गं." त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "मिरजेची गाडी किती वाजता हाय?"

तायाप्पा तीन आठवडे आला नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी औषध दिलं, झोपवून विजेचा एक हलका झटका देऊन हृदयाचा ताल पुन्हा लावला, आणि बजावलं, की पोतं उचलायचं नाही. तोलायला हरकत नाही. मधल्या काळात बाराही काट्यांवर तिसरा नमुना बसला. प्रत्येकावर शिशाचा छोटा शिक्का होता, अण्णांच्या वेळच्याच पकडीनं दाबलेला. आणि तीन आठवड्यांत सेहेचाळीसपैकी चार जण कुणाला न सांगता मिरजेला जाऊन आले. ते कळलं कसं? एकाच डॉक्टरच्या दारात दोघांची गाठ पडली आणि दोघंही म्हणाले, मी आपला सोबतीला आलोय.

चौथ्या सोमवारी सकाळी तायाप्पा आला. सगळे आधीच जमले होते. उपाध्येही होते, कारण नसताना. तायाप्पानं चपला काढल्या, तळपाय पुसले, एक नंबरच्या काट्यावर चढला आणि बटण दाबलं.

अडुसष्ट किलो. पुढचे आकडे हलायला लागले. तीनशे, चारशे, तीनशे, चारशे. सुनेत्रा शेजारीच उभी होती. ती आकडे बघत नव्हती, त्यांची चाल ऐकत होती, आणि ती चाल सरळ होती, सारखी. खाली कुठलीच ओळ आली नाही.

नव्यानं रुजू झालेला कारकून वही घेऊन पुढे सरकला. "मॅडम, आकडा स्थिर होत नाहीये," तो अदबीनं म्हणाला. "फिल्टर थोडा वाढवता का?"

"हलू दे," सुनेत्रा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "माणूस उभा आहे त्याच्यावर."

तायाप्पानं छातीत हवा भरून घेतली, आणि बारा नंबरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "लाभ!"